सातवी खुर्ची

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमचा विरस व्हायला नको. ही बोलतेय ती एक खुर्ची. मेपलच्या लाकडाची, सरळ पाठीची, वय ऐंशीच्या पुढे. गेली अठरा वर्षं माझ्यावर कोणी बसलेलं नाही. माझ्यासमोर लाल मखमली दोर बांधलाय आणि दोराला पाटी अडकवलीय, 'कृपया बसू नये'. खुर्चीसमोर अशी पाटी लावायची म्हणजे कमालच झाली. पण आम्हाला कोण विचारतंय!

अमेरिकेत ईरी नावाचं मोठं सरोवर आहे आणि त्याच्या काठी त्याच नावाचं शहर. तिथल्या पोलिश वस्तीत, एका दुमजली लाकडी घराच्या तळघरात माझा जन्म झाला. वालेंती गव्लिक हे माझे कर्ते. ढलाईच्या कारखान्यात ते लाकडी साचे करायचे. हात असा बसलेला की कागदावर रेघ न मारता लाकूड बरोबर कापायचे. माझ्यात एकही खिळा नाही. सांध्यात उकळलेला सरस आणि वरून लाकडाची पाचर, बस्स. अशा सात खुर्च्या त्यांनी एका हिवाळ्यात केल्या. घरात माणसं होती सहा. मी सातवी.

आता सातवी कशाला, असं तुम्ही विचाराल. या लोकांची रीतच तशी आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण म्हणजे विगिलिया. आकाशात पहिली चांदणी दिसली की सगळ्यांनी जेवायला बसायचं. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली मूठभर सुकं गवत. मांस वर्ज्य. बीटचं आंबट सार, तळलेला मासा, खसखस घातलेल्या शेवया. आणि माणसांपेक्षा एक ताट जास्त, एक खुर्ची जास्त. का, तर अवचित कोणी दाराशी आला तर त्याला 'जागा नाही' असं म्हणावं लागू नये. घरातली माणसं पुढे कमी झाली, वाढली, पण खुर्ची एकने जास्तच राहिली. ती मी.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मात्र माझा मान कोणी ठेवत नसे हं! दिवा बदलायचा, चढा माझ्यावर. ओले मोजे वाळत घालायचे, माझी पाठ आहेच. वालेंतींचा मुलगा एडमंड लग्न करून लुडविकाला घरी घेऊन आला, तेव्हापासून केस कापायचं कामही माझ्याकडे आलं. लुडविकाचा पोरगा रिशेक माझ्यावर दोन जाड पुस्तकं ठेवून त्यांवर बसायचा. उजव्या कानाशी कात्री आली की मान डावीकडे टाकून ओरडायचा, "कान! आई, माझा कान!"

"कान कुठे पळून चाललाय? गप बस," लुडविका म्हणायची. "दानका, याचं डोकं धर गं."

दानका म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती डोकं धरायची आणि हळूच चिमटाही काढायची. रिशेक टाचा माझ्या पुढच्या आडव्या दांडीवर आपटत राहायचा, इतका की तिथलं पॉलिश कायमचं गेलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस विचाराल तर ते हेच. केसांनी भरलेली, ओल्या मोज्यांनी भिजलेली, लाथा खाणारी मी. तेव्हा वाटायचं, काय हा छळ!

एकोणीसशे एकाहत्तर सालची विगिलिया. रिशेक वीस वर्षांचा झाला होता. व्हिएतनामच्या लढाईसाठी सरकारचं बोलावणं आलं होतं. एडमंड स्वतः तरुणपणी युरोपात लढून आलेला माणूस. छातीला पदकं लावून चर्चमध्ये जायचा.

"पत्र आलंय ना? मग जायचं," तो म्हणाला. सार अजून वाढायचं होतं.

"मी नाही जाणार, बाबा. मला कोणाला मारायचं नाही."

"मला काय हौस होती? मी गेलोच ना?"

"तुम्ही गेलात. मी नाही जाणार."

"अरे, या गल्लीतली चार पोरं गेली! त्यांच्या बापांना मी उद्या तोंड कसं दाखवू?"

"मग नका दाखवू."

एडमंडने चमचा खाली ठेवला. हळूच ठेवला, तीच भीती. "या टेबलाशी तुला जागा नाही," तो म्हणाला. "आज नाही आणि कधीच नाही."

लुडविका मधे पडली. "जागा कशी नाही? ती बघा की रिकामी खुर्ची."

"ती पाहुण्याची आहे."

रिशेक उठला. कोट चढवला. जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ठीक आहे. मग पाहुणा म्हणूनच येईन."

सरोवराच्या पलीकडे कॅनडा. लढाईला नकार देणारी पोरं तिकडेच जात होती. पुढच्या वसंतात एक कार्ड आलं, 'मी बरा आहे. आई, काळजी करू नकोस.' वर पत्ता नाही, काही नाही. त्यानंतर तेही नाही.

तेव्हापासून माझ्यासमोरचं ताट कोणा वाटसरूसाठी नव्हतं. सगळ्यांना ते माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. लुडविका मला टेबलाच्या त्या बाजूला ठेवायची जिथून दार दिसतं. एडमंड बघायचा आणि मान खाली घालून मासा खायचा. पाच-सहा वर्षांनी सरकारने त्या पळालेल्या पोरांना माफी दिली, तेव्हा एडमंडने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. थोड्या वेळाने पुन्हा वाचली. त्या माणसाला याहून जास्त बोलायला जमलं नाही. मग तो दर विगिलियाला दाराकडे बघू लागला. ऐंशी साली तो गेला. पोरगा त्याच्या मातीलाही आला नाही, त्याला कळणार तरी कसं!

आता सिनेमाची गोष्ट. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात काही लोक गल्लीत घरं बघत हिंडत होते. त्यांना नाताळच्या सिनेमासाठी साधं, जुनं, कामगाराचं घर हवं होतं. आमचं घर त्यांना पसंत पडलं. दानका म्हणाली, "आई, कशाला ही कटकट? चाळीस माणसं बूट घालून घरभर नाचतील."

"नाचू देत," लुडविका म्हणाली. "सिनेमा कॅनडात लागतो की नाही?"

दानका कपाट आवरायला उठली.

लुडविकाने त्या दिग्दर्शकाला एकच गोष्ट सांगितली. जेवणाच्या प्रसंगात एक खुर्ची रिकामी ठेवा आणि तिच्यासमोर ताट मांडा. का, ते मात्र सांगितलं नाही. परक्या माणसाला काय काय सांगणार? तिच्या मनात एवढंच होतं, की कुठेतरी अंधाऱ्या थिएटरात रिशेक बसला असेल, त्याला हे घर दिसेल, मी दिसेन, आणि त्याला कळेल की जागा अजून राखलेली आहे. मला तिचं तेव्हा फार कौतुक वाटलं. पत्ता नसलेल्या पोराला कोणी असं पत्र पाठवलं नसेल.

दिग्दर्शकाला कल्पना भारी आवडली. इतकी आवडली की त्याने तिचा विनोद केला. कपाळ माझं! सिनेमाचं नाव 'सगळे आले का?' त्यात ओटो काका नावाचा एक न बोलावलेला, खादाड, वटवट्या नातेवाईक नेमका जेवणाच्या वेळी येऊन टपकतो. रिकामी खुर्ची बघून म्हणतो, "सरका, सरका, ही जागा माझी आहे!" आणि ऐटीत बसतो. खुर्चीचा पाय मोडतो, काका उताणे, सार डोक्यावर. त्यासाठी त्यांच्या सुताराने माझा मागचा डावा पाय करवतीने पाऊण कापून ठेवला. वालेंतींनी पाचर ठोकून बसवलेला पाय. दुखलं का, असं विचारू नका. लाकडाला दुखत नाही असं सगळे म्हणतात, तर तसंच असेल.

लुडविका आणि दानका सिनेमा बघायला गेल्या. घरी आल्यावर लुडविका कोटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली. "लोक हसून हसून बेजार झाले," ती म्हणाली. मग पाय सरसाने चिकटवला, वरून सुतळी गुंडाळली. "हसले तर हसू देत. लक्षात तर राहील." तिचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, ते मला तिच्या हातावरून कळत होतं. सुतळी तिने चार वेळा सोडली, पुन्हा बांधली.

सिनेमा असा चालला की विचारू नका. पुढे दर नाताळात टीव्हीवर लागू लागला. लोक गल्लीत येऊन घराचे फोटो काढू लागले. लुडविकाचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा दानकाने तिला आपल्याकडे नेलं आणि घर एका सिनेमावेड्या गृहस्थाने घेतलं. त्याने त्याचं संग्रहालय केलं.

संग्रहालय म्हणजे काय, तर सगळं सिनेमातल्यासारखं. गव्लिकांचे फोटो खाली उतरले. भिंतीला सिनेमातला हिरवा कागद लागला. टेबलावरची ताटं कोणी पळवू नये म्हणून गोंदाने चिकटवून टाकली. माझ्या दांडीवरचं गेलेलं पॉलिश दाखवून सांगू लागले, की हे सिनेमातल्या धाकट्या मुलाने टाचा आपटून घालवलं. मी काय बोलणार? शब्दसुद्धा बदलले, मित्रांनो. या घरात 'बाबा' म्हणजे सिनेमातले बाबा. 'आई' म्हणजे ते काम करणारी नटी. आईची खोली, आईचा एप्रन, आईचा आवडता कप. कोणी लुडविकाबद्दल बोललंच तर तिचं नाव 'मूळ मालकीणबाई'.

मला मात्र जपलं हो! पांढरे हातमोजे घालून पुसतात. खोलीत दमट होऊ नये म्हणून यंत्र बसवलंय. वाळवीची औषधं, उन्हाला पडदे. देशोदेशीचे लोक येतात, दोराशी उभे राहतात आणि एकजात सगळे तेच वाक्य म्हणतात, "सरका, सरका, ही जागा माझी आहे!" दिवसातून तीनशे वेळा. मग पोट धरून हसतात आणि फोटो काढतात.

घर दाखवायला ग्लेन असतो. पोस्टातून निवृत्त झालेला, गोलमटोल, प्रेमळ माणूस. सिनेमातलं वाक्य न् वाक्य त्याला पाठ. त्याच्याबद्दल तुमचं मत वाईट होऊ देऊ नका, हे मी आधीच सांगते. लुडविकासाठी दरवर्षी चोवीस डिसेंबरला दुपारी तीनला संग्रहालय बंद झालं की तोच दार उघडायचा. दानका आईला हाताला धरून आणायची. ग्लेन दोर सोडून बाजूला ठेवायचा. चिकटवलेलं ताट उचलता येत नाही, म्हणून लुडविका पिशवीतून आपलं ताट काढून त्याच्यावर ठेवायची. मग मायलेकी ओप्वातेक मोडून खायच्या. ती पातळ पांढरी पोळी असते, विगिलियाला एकमेकांच्या हातातून मोडून खायची. एक तुकडा माझ्यासमोरच्या ताटात. अर्धा तास बसायच्या आणि जायच्या. हे ताट कोणासाठी, ते ग्लेनने कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षीचा चोवीस डिसेंबर. सकाळी संग्रहालयात ओटो काकांची स्पर्धा होती. दरवर्षी असते. जो ते वाक्य झकास म्हणेल त्याला ग्लेन घंटा वाजवून कागदी मुकुट घालतो. ही गर्दी! सगळ्यांच्या अंगात सिनेमातल्यासारखे ढगळ लाल स्वेटर.

त्या गर्दीत एक म्हातारा उभा होता. करडी टोपी, साधा कोट, स्वेटर नाही. आधी माझं लक्ष गेलं नाही. मग शेजारच्या बाईची पिशवी त्याच्या उजव्या कानाला घासली आणि त्याने पटकन मान डावीकडे टाकली.

मित्रांनो, मला हृदय नाही. पण माझा एकूण एक सांधा त्या वेळी करकरला असेल. सत्तेचाळीस वर्षं!

त्याचा नंबर आला. दोराशी उभा राहून तो माझ्याकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ही जागा माझी आहे."

"मोठ्यानं, साहेब, मोठ्यानं!" मागून कोणी ओरडलं. "'सरका, सरका' राहिलं!"

ग्लेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "लाजू नका हो, इथे सगळे वेडेच आहेत. कुठून आलात?"

"पलीकडून. कॅनडातून."

"अरे वा! रस्त्याला बर्फ होता का?"

"होता," तो म्हणाला. "यायला सत्तेचाळीस वर्षं लागली."

हशा पिकला. ग्लेनही खो खो हसला. "बघा मंडळी, आपले रस्ते किती वेळेवर साफ होतात ते!"

तो हसला नाही. जणू माझ्याशीच बोलत असल्यासारखं म्हणाला, "पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे मलाच सांगतायत. आलास आणि बसलास तर असा उताणा पडशील."

"वा! हे नवीन आहे!" ग्लेन म्हणाला आणि त्याने घंटा वाजवली. टाळ्या पडल्या. कोणीतरी रिशेकच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवला, टोपीच्या वरच. त्याने तो काढलाही नाही.

म्हणजे लुडविकाचं पत्र पोचलं होतं. पोचलं, पण वाचलं असं गेलं. ज्या खुर्चीने 'ये' म्हणायचं, तिने तीसेक वर्षं दर नाताळात त्याला 'येऊ नकोस' म्हटलं. आता सांगा, पाय कापला तेव्हा दुखलं की नाही?

मंडळी स्वयंपाकघराकडे गेली. तो मागे राहिला. मुकुट आणि टोपी दोन्ही हातात घेऊन त्याने ग्लेनला हाक मारली.

"एक विचारायचं होतं. आई... या घरातली आई. आहे का अजून?"

ग्लेनचा चेहरा उतरला. "आई? नाही हो. गेली ती. एप्रिलमध्ये."

सिनेमातली नटी खरंच एप्रिलमध्ये गेली होती. स्वयंपाकघरात तिच्या फोटोला अजून काळी फीत होती. ग्लेनच्या डोक्यात दुसरी आई येणं शक्यच नव्हतं. या घरात बारा महिने, दिवसातून शंभर वेळा तो शब्द त्याच बाईसाठी वापरला जातो.

"एप्रिलमध्ये," रिशेक म्हणाला.

"झोपेतच गेली म्हणतात. काही त्रास झाला नाही. आम्ही आठवडाभर दाराला काळी फीत लावली होती. फार माया केली हो लोकांनी तिच्यावर."

"जवळ कोण होतं?"

"मुलगी होती, असं ऐकलं."

"आणि मुलगा?"

"मुलाचं काही ऐकलं नाही बुवा."

मी ओरडले. जेवढं लाकडाला ओरडता येतं तेवढं. ती आहे! ती तीन वाजता येणार आहे! अरे थांब, चार तास थांब, फाटकाशी उभा राहा, काहीही कर! काय उपयोग? तळघरात घर गरम ठेवणारी भट्टी घुरघुरत होती, स्वयंपाकघरात लोक हसत होते.

त्याने दोरावरून हात पुढे केला. माझ्या पाठीला हात लावायला बंदी आहे, अलार्म वाजतो. ग्लेनने तो बंद केला. "दोन मिनिटं," तो हळूच म्हणाला. "मी बघत नाहीये." म्हटलं ना, माणूस चांगला आहे. रिशेकचा हात थंडगार होता. जिथे वीस वर्षांचा असताना ठेवला होता तिथेच त्याने तो ठेवला आणि म्हणाला, "उशीर झाला गं." मला म्हणाला की तिला, ते काय वेगळं होतं?

दाराशी वही असते. ग्लेनने पेन दिलं. "लिहा की. आमच्याकडे रीत आहे, स्पर्धा जिंकणाऱ्याने स्वतःचं नाव नाही लिहायचं. 'ओटो काका' लिहायचं आणि गाव." रिशेकने तसं लिहिलं आणि गेला.

तीन वाजता लुडविका आली. सत्त्याऐंशी वर्षांची, दोन्ही हातांनी चौपायी काठी धरून. दानका मागे पिशवी घेऊन. ग्लेनने दोर सोडला, ताट ठेवायला मदत केली आणि सकाळच्या गमती सांगू लागला. तिला हसवायला म्हणून सांगत होता बिचारा.

"आज एक काका आले होते, गव्लिक बाई, काय सांगू! कॅनडाहून यायला सत्तेचाळीस वर्षं लागली म्हणाले. घरभर लोक हसले."

एक तुकडा ताटात ठेवून झाला होता, उरलेला ओप्वातेक दानकाच्या हातातून खाली पडला. "किती वर्षं?"

"सत्तेचाळीस. आणि शेवटी डोळ्यांत पाणी. आईची चौकशी करत होते."

"कोणाच्या आईची?"

"आपल्या आईची. या घरातल्या..." एवढं म्हणून ग्लेन थांबला. त्याने लुडविकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग चिकटवलेल्या ताटावरच्या त्या दुसऱ्या ताटाकडे. त्याच्या तोंडाचा रंगच गेला.

"तू काय सांगितलंस?" दानका म्हणाली. "ग्लेन, तू त्याला काय सांगितलंस?"

"गेली म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये गेली. मला वाटलं, ती... मला वाटलं..." तो तसाच सपाता घालून बर्फात धावत गेला. फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत. परत आला तेव्हा धाप लागली होती. वही काढली. पान उलटलं. आधीच्या वर्षांच्या विजेत्यांसारखंच, ओटो काका, कॅनडा.

लुडविका शांत होती. त्या खोलीत ती एकटीच शांत होती. "कसा दिसत होता?" तिने विचारलं.

"चांगला होता, बाई. दमलेला. केस पांढरे."

"वाढलेले होते?"

"हो. मानेवर आले होते."

"कापायला कोणी नसेल," ती म्हणाली.

"आई, आपण शोधू त्याला," दानका रडत म्हणाली. "पेपरात देऊ, रेडिओवर सांगू. तो पुन्हा येईल."

"कशाला येईल?" लुडविका म्हणाली. "मी राहिले नाही असं ऐकल्यावर तो कशाला येईल?"

तिने ताटातला तुकडा उचलला, कागदात गुंडाळला आणि ताट पिशवीत घातलं. अर्धा तास झाला नव्हता. तरी ती उठली.

शोध घेतला, नाही असं नाही. ग्लेनने सरहद्दीच्या चौकीला फोन केले, कॅनडाच्या पेपरांत लिहिलं. कॅमेऱ्यात टोपी तेवढी दिसली. नाव त्याने केव्हाच बदललं असावं, कारण दानकाने पूर्वीही शोधून शोधून डोळे शिणवले होते. काही हाती लागलं नाही. मार्चमध्ये लुडविका गेली. ग्लेन जे बोलला होता ते तीन महिन्यांनी खरं झालं. तिच्यासाठी या दाराला काळी फीत लागली नाही, कारण ती सिनेमात नव्हती.

ग्लेन अजून काम करतो. पण आता तो पूर्वीसारखा हसत नाही आणि कोणी म्हातारा दिसला की त्याच्या मागे जाऊन विचारतो, "नाव काय आपलं? खरं नाव?" लोकांना तोही खेळच वाटतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा, अडगळीत टाकू नका. मी म्हणणार नाही. माझी इतकी निगा राखली गेली की माझ्यावर बसायला जो यायचा होता, त्याला उभ्या उभ्या परत जावं लागलं. मला पुसू नका. दोर काढा, बसा, मोडले तर जळणाला घाला, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या दारात कोणी आला, तर तो कसा बोलतो याला हसण्याआधी, त्याच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी, तो कोण आहे ते एकदा विचारा. मी त्याला ओळखत होते आणि मला विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. विचारा.